ताई, दादा आणि कायद्यातला पालक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



शाळेचा फॉर्म घ्या, कॉलेजचा घ्या, नाहीतर वसतिगृहाचा. तळाशी एक रेघ असतेच, 'पालकाची सही'. आणि तिच्या शेजारी छोटासा रकाना, 'विद्यार्थ्याशी नाते'. ज्या घरात आई-वडील दोघेही राहिलेले नाहीत, तिथे मोठी बहीण सही करते आणि रकान्यात 'बहीण' असं लिहिते. मोठा भाऊ असेल तर तो 'भाऊ' लिहितो. बहुतेक वेळा फॉर्म घेतला जातो. कारकुनालाही घरची परिस्थिती ठाऊक असते. पण एखाद्या दिवशी कुठल्यातरी खिडकीपलीकडून प्रश्न येतो, "तुम्ही कायदेशीर पालक आहात का? तसा कागद आहे का?" आणि चार वर्षं धाकट्याचा डबा भरणारी, त्याची फी भरणारी ताई गप्प होते. कारण तसा कागद तिच्याकडे नसतो.

आज या कागदाबद्दल बोलायचं आहे. तो कुणाला लागतो, कुणाला लागत नाही, कसा मिळतो, आणि मिळाल्यावर आपल्यावर काय येऊन पडतं, ते आपण पाहू.

आपल्याकडे वडीलधारा भाऊ म्हणजे बापाच्या जागी आणि मोठी बहीण म्हणजे आईच्या जागी, असं सहज म्हटलं जातं. ते खोटं नाही. कितीतरी घरं अशा भावंडांनीच सावरली. पण कायद्याची भाषा वेगळी आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमात मुलाचे नैसर्गिक पालक म्हणून आई आणि वडील येतात. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. त्या यादीत भाऊ नाही, बहीण नाही, काका नाही आणि आजोबाही नाहीत. मुस्लिम कायद्यात मालमत्तेच्या बाबतीत वडिलांनंतर त्यांच्या वडिलांना स्थान आहे, पण भावाला तिथेही आपोआप अधिकार मिळत नाही. म्हणजे आई-वडील दोघे गेले की कायद्याच्या दृष्टीनं त्या मुलाच्या पालकाची जागा रिकामी होते. ती भरण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. त्यासाठीचा कायदा जुना आहे, १८९० चा. 'पालक व पाल्य अधिनियम' असं त्याचं नाव. तो सर्व धर्मांच्या मुलांसाठी वापरला जातो.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे बोलणं सोपं जाईल. समजा, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात आई-वडील अपघातात गेले. मुलगी तेवीस वर्षांची, पुण्यात नोकरीला. मुलगा पंधरा वर्षांचा, गावातल्या शाळेत दहावीत. मागे राहिलं आहे वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं घर, थोडी जमीन, बँकेत एक मुदतठेव आणि विम्याचे पैसे. शेजारी काका आहेत. मनानं चांगले आहेत. ते म्हणतात, "कोर्टात कशाला जायचं गं पोरी? आम्ही काय परके आहोत का?"

काकांचा प्रश्न चुकीचा नाही. प्रत्येक गोष्टीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. भावाला शाळेत पाठवणं, आजारपणात डॉक्टरांकडे नेणं, परीक्षेचा फॉर्म भरणं ही रोजची कामं बहिणीच्या सहीनं बहुधा होऊन जातात. बँकेत साधं बचत खातं हवं असेल, तर दहा वर्षांवरच्या मुलाला बँका आपापल्या मर्यादेत स्वतः खातं चालवू देऊ शकतात. मुलगा सतरा वर्षं आठ महिन्यांचा असेल, घरात वाद नसेल, आणि कुठला मोठा व्यवहार अडलेला नसेल, तर चार महिने थांबणं हा शहाणपणाचा सल्ला ठरतो. अठरा पूर्ण झाले की तो सज्ञान होतो आणि स्वतःची सही स्वतः करतो.

मग कागद कधी लागतो? मुलाच्या नावावरची मोठी रक्कम स्वीकारायची असेल, पासपोर्ट काढायचा असेल, कुठल्या दाव्यात त्याच्या वतीनं उभं राहायचं असेल, तेव्हा न्यायालयाचा आदेश मागितला जाऊ शकतो. नातेवाइकांत मूल कुणाकडे राहायचं यावरून ओढाताण असेल, तर तो लागतोच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुलाच्या हिश्श्याचं घर किंवा जमीन यांचा काही व्यवहार करायचा असेल, तर आदेशावाचून पाऊल टाकू नये.

इथे एक गैरसमज फार खोलवर गेला आहे. वारसनोंद झाली की सातबाऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' अशी अक्षरं येतात. अज्ञान पालनकर्ता. त्यापुढे बहिणीचं, काकांचं नाहीतर मामांचं नाव असतं. लोकांना वाटतं, झालं, तलाठ्यानं पालक नेमला. तसं नाही, श्रोतेहो. ती महसुलाच्या दप्तरातली नोंद आहे. त्या नोंदीच्या जोरावर मुलाचा हिस्सा विकता येत नाही. केवळ सांभाळ करतो म्हणून, कुठल्याही आदेशाविना, कुणी अज्ञान मुलाची मिळकत विकली, तर १९५६ चा कायदा तो अधिकारच मान्य करत नाही. घेणाऱ्याचे पैसे अडकतात, मुलाचं घर अडकतं आणि नाती तुटतात ती वेगळीच. आपल्या उदाहरणातल्या ताईला घरातला स्वतःचा हिस्सा विकता येईल. भावाचा नाही. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा, हेही या निमित्तानं लक्षात ठेवावं. एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित मिळकत असेल, तर मुलाच्या अविभक्त हिश्श्यासाठी पालक नेमण्याचे नियम वेगळे आहेत. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी जमिनीचे जुने उतारे वकिलाला दाखवावेत.

आता अर्जाकडे येऊ. अर्ज कुठे करायचा? मूल नेहमी जिथे राहतं, तिथल्या न्यायालयात. ताई पुण्यात असली तरी भाऊ गावी राहतो, म्हणून त्याच्या सांभाळासाठीचा अर्ज त्याच जिल्ह्यात होईल. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे सांभाळाचा अर्ज त्या न्यायालयात जातो, बाकी ठिकाणी जिल्हा न्यायालयात. घर, जमीन, पैसा यांच्या पालकत्वाचा विषय जिल्हा न्यायालयाचा. म्हणजे मुलाच्या सांभाळाचं पालकत्व आणि त्याच्या मालमत्तेचं पालकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकच व्यक्ती दोन्हीसाठी नेमली जाऊ शकते, पण अर्जात ते स्पष्ट लिहावं लागतं. कित्येक जण फक्त सांभाळाचा आदेश घेऊन घरी येतात आणि मग बँकेत पुन्हा अडतात.

अर्जात काय लिहायचं, हे कायद्यानंच सांगितलं आहे. मुलाचं नाव, धर्म, जन्मतारीख, राहण्याचं ठिकाण. त्याच्या मिळकतीचं वर्णन आणि अंदाजे किंमत. सध्या तो कुणाकडे आहे. जवळचे नातेवाईक कोण आणि ते कुठे राहतात. पूर्वी असा अर्ज कुणी केला होता का. आपण पालक व्हायला योग्य का आहोत, आणि अर्ज करण्याची वेळ का आली. सोबत 'मी ही जबाबदारी घ्यायला तयार आहे' असं लेखी निवेदन लागतं, आणि त्यावर निदान दोन साक्षीदारांच्या सह्या. शिवाय आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले, मुलाचा जन्मदाखला, आपला उत्पन्नाचा आणि राहत्या जागेचा पुरावा जवळ ठेवावा.

जवळच्या नातेवाइकांची नावं लिहायची म्हटल्यावर बरेच जण बिचकतात. "काकांना नोटीस गेली तर ते रागावतील." रागावतील कदाचित. म्हणून नोटीस जाण्याआधी आपण स्वतः त्यांच्या घरी जावं. हा अर्ज तुमच्याविरुद्ध नाही, धाकट्याच्या पैशाचा हिशेब सरळ राहावा म्हणून आहे, असं चहा घेता घेता सांगावं. नातेवाइकांनी 'आमची हरकत नाही' असं प्रतिज्ञापत्र दिलं की काम पुष्कळ सोपं होतं. नाव लपवून मिळवलेला आदेश मात्र पुढे कुणीही आव्हान देऊन अडचणीत आणू शकतो.

खर्चाची भीती असते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा आहे. त्यानुसार स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. ताईनं सरळ तिथे जावं. दादा असेल तर त्यानं उत्पन्नाच्या अटीत आपण बसतो का, हे तिथेच विचारावं.

न्यायालय काय पाहतं? सगळ्यांत आधी मुलाचं हित. बाकी सगळं त्याच्या मागून. अर्जदाराचं चारित्र्य, त्याची ऐपत, नात्याची जवळीक, गेलेल्या आई-वडिलांची काही इच्छा होती का, मुलाशी आणि त्याच्या मिळकतीशी अर्जदाराचे आजवरचे संबंध कसे होते. अर्जदार स्वतः सज्ञान असावा लागतो. पण तो श्रीमंत असावा, असं कुठेही लिहिलेलं नाही. बहिणीचं लग्न झालेलं असावं किंवा नसावं, असंही लिहिलेलं नाही. "उद्या ही लग्न होऊन सासरी जाईल, मग याचं काय?" हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. त्याचं उत्तर ताईनं तयार ठेवावं, कारण न्यायाधीशही ते विचारू शकतात. भाऊ कुठे राहील, कुठल्या शाळेत जाईल, आपण कामावर असताना घरी कोण असेल, याचा साधा, खरा आराखडा सांगता आला की पुरे.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं चाललं आहे, त्याच्याकडे वळू. मूल समंजस मत देण्याइतकं मोठं असेल, तर न्यायालय त्याचं मत विचारात घेऊ शकतं, अशी तरतूद १८९० च्या कायद्यातच आहे. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी नक्कीच तेवढी मोठी असते. न्यायाधीश अनेकदा अशा मुलाशी आपल्या दालनात, नातेवाइकांना बाहेर थांबवून बोलतात. पण न्यायाधीशांनी विचारण्याआधी आपण विचारलं आहे का? वकिली करताना मला हे फार जाणवतं. मोठ्यांच्या बैठका होतात, कोण कुठे राहणार ते ठरतं, आणि ज्याचं आयुष्य ठरतं आहे तो आतल्या खोलीत बसलेला असतो. त्याला कदाचित दहावीपर्यंत गाव सोडायचं नसेल. कदाचित पुण्यात ताईकडेच यायचं असेल, पण 'तिच्यावर ओझं नको' म्हणून तो बोलत नसेल. त्याला विचारा. पुन्हा विचारा. पहिल्यांदा 'काहीही चालेल' असंच उत्तर येतं.

मुलगी असेल तर आणखी एक धोका असतो. सोळाव्या वर्षीच 'चांगलं स्थळ आलंय, जबाबदारी उरकून टाकू' असं सुचवणारे नातेवाईक भेटतात. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे, आणि त्याला हातभार लावणारा पालकही त्यातून सुटत नाही. अशा वेळी बहिणीच्या हातात पालकत्वाचा आदेश असला, तर तिच्या 'नाही'ला वजन येतं. मूल संकटात आहे असं वाटलं, तर १०९८ हा बालकांसाठीचा मदतक्रमांक आणि जिल्ह्याची बालकल्याण समिती यांच्याकडे कुणालाही जाता येतं.

आदेश हातात पडला, आता काय? इथून पुढे खरी कसोटी आहे. पालकत्व म्हणजे मालकी नाही, ही गोष्ट १८९० चा कायदा कलमामागून कलम बजावतो. सांभाळाच्या पालकानं मुलाचं पोषण, आरोग्य आणि शिक्षण पाहायचं. मालमत्तेच्या पालकानं मुलाची मिळकत अशी जपायची, जशी एखादा विचारी माणूस स्वतःची जपतो. न्यायालयानं सांगितलं तर बंधपत्र द्यायचं, सहा महिन्यांच्या आत मिळकतीची, पैशांची आणि कर्जाची यादी सादर करायची आणि वेळोवेळी हिशेब द्यायचा. न्यायालयाच्या परवानगीवाचून मुलाचं घर किंवा जमीन विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, बक्षीस देता येत नाही, आणि पाच वर्षांहून अधिक काळाच्या भाड्यानंही देता येत नाही. परवानगीही गरज असेल किंवा मुलाचा उघड फायदा असेल तरच मिळते. विक्रीचे पैसे मुलाच्या नावानं गुंतवा, अशी अट न्यायालय घालू शकतं. परवानगीविना व्यवहार केला, तर मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो रद्द करून मागू शकतो.

आणखी एक बारीक गोष्ट. न्यायालयानं नेमलेल्या पालकाला मुलाला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर कायमचं न्यायचं असेल, तर परवानगी घ्यावी लागते. आपल्या ताईला भावाला पुण्याला न्यायचं आहे. मग ही मागणी तिनं मूळ अर्जातच करावी, म्हणजे पुन्हा फेऱ्या पडणार नाहीत.

भावंड पालक होतं तेव्हा एक नाजूक अडचण येते. काका किंवा मामांच्या बाबतीत ती नसते. ताई आणि धाकटा एकाच घराचे वाटेकरी आहेत. घर विकावं असं ताईला वाटतं, तेव्हा त्यात तिचाही फायदा असतो. तिच्या मनात पाप नसेल, तरी न्यायालय हा व्यवहार बारकाईनं तपासतं, आणि तपासायलाच हवा. तिनं तो अपमान समजू नये. दहा वर्षांनी धाकट्याची बायको, नाहीतर त्याचा एखादा मित्र त्याला विचारेल, "तुझ्या वाट्याचं काय झालं?" तेव्हा उत्तर द्यायला ताईपाशी न्यायालयाचा शिक्का असलेला हिशेब असेल. पालकत्वाच्या आदेशाचा हा लाभ मुलाइतकाच पालकालाही मिळतो. तोंडी विश्वासावर चाललेल्या घरांत अशी शंका एकदा शिरली, की ती धुऊन काढायला कागद नसतो.

म्हणून मी एक साधी सवय सुचवते. धाकट्याच्या पैशाचं खातं वेगळं ठेवा. एक वही करा. फी, पुस्तकं, डॉक्टर, कपडे, सगळं तारखेसह लिहा. आणि महिन्यातून एकदा ती वही आणि पासबुक त्याच्यासमोर उघडा. पंधरा वर्षांच्या मुलाला हे समजतं. आपल्यापासून काही लपवलं जात नाही, एवढं त्याला कळलं, की त्याचे अर्धे रुसवे गळून पडतात. उरलेले वयाचे असतात, ते वयाबरोबर जातील. ताईनं मात्र एवढं सांभाळावं की कागदावर पालक झाल्यामुळे घरातली बहीण हरवू नये. त्यानं आई-वडील गमावले आहेत. त्यात जिच्याशी भांडता येईल अशी ताईही गमावायला लागू नये.

मदतीच्या काही जागा सांगून ठेवते. महाराष्ट्रात महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना आहे. आई-वडील गमावलेलं मूल नातेवाइकांच्या घरी वाढत असेल, तर तिचा विचार होऊ शकतो. तिची रक्कम २०२३ मध्ये दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करावी. वडील किंवा आई भविष्यनिर्वाह निधीचे सभासद असतील, तर १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत अनाथ मुलांसाठी पेन्शन आहे. एका वेळी दोन मुलांना, पंचवीस वर्षं वयापर्यंत. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनात दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्यानं पाच लाखांची ठेव आणि केंद्रानं पीएम केअर्समधून दहा लाखांची तरतूद जाहीर केली होती. केंद्राची ती रक्कम तेविसाव्या वर्षी हाती येते. तेव्हा ज्यांच्या नावानं ती मंजूर झाली, त्या मुलांच्या थोरल्या भावंडांनी आपले कागद नीट जपून ठेवावेत.

हा आदेश किती काळ चालतो? मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. पूर्वी न्यायालयानं पालक नेमला असेल तर मूल एकविसाव्या वर्षी सज्ञान धरलं जाई. १९९९ च्या दुरुस्तीनं तो भेद गेला. जुन्या माहितीवर अजूनही कुणी एकवीस सांगतं, ते मानू नये. अठरा पूर्ण झाले की मुलाची मिळकत, पासबुकं आणि हिशेब त्याच्या स्वाधीन करायचे, आणि तसं लिहून घ्यायचं.

शेवटी, ज्यांच्या घरी आई-वडील हयात आहेत त्यांच्यासाठी थोडं. हे सगळं ऐकून, विशेषतः एकट्यानं मुलं वाढवणाऱ्या आईनं किंवा वडिलांनी, एक काम या महिन्यात करावं. मृत्युपत्र करावं, आणि माझ्यानंतर धाकट्याचा पालक कोण, हे त्यात लिहावं. १९५६ च्या कायद्यात मृत्युपत्रानं पालक नेमण्याची सोय आहे. विम्यात वारस म्हणून अज्ञान मुलाचं नाव दिलं असेल, तर त्याच्या वतीनं पैसे कोण स्वीकारील, तेही नाव भरावं. तो रकाना पुष्कळदा रिकामा राहतो. आणि ज्याचं नाव लिहिणार, त्याला आधी विचारावं. वीस-बावीस वर्षांच्या मुलीवर किंवा मुलावर ही जबाबदारी येणार असेल, तर निदान ती न सांगता येऊ नये.

ज्या घरांत आज एखादी ताई किंवा दादा आईबापाच्या जागी उभे आहेत, त्यांच्या शेजाऱ्यांना आणि नातेवाइकांना एवढीच विनंती. 'कोर्टात का गेलीस?' असं विचारू नका. साक्षीदार म्हणून सही करायला दोन माणसं लागतात. त्यातले एक तुम्ही व्हा.